झुंबरदादांचा डावा गाल

झुंबरदादा साळवे कांद्यावरून घसरून पडले, हे ऐकलं तेव्हा आमच्या वस्तीतले आम्ही सगळे आधी हसलो. सिन्नरचं एक लग्न वाजवून ते मोटारसायकलवर एकलहऱ्याला परत येत होते. पुढच्या ट्रॅक्टरमधून गोणी सुटली, लाल कांदा रस्ताभर गडगडला आणि दादांची गाडी त्यावरून जी सरकली ती थेट कडेच्या खडीत. ट्रंपेटची पेटी पाठीला बांधलेली होती, तिला ओरखडासुद्धा नाही. हेल्मेट मात्र कोपरात अडकवलेलं. मागून येणाऱ्या जीपमधल्या लोकांनी त्यांना उठवून बसवलं आणि मग कुणीतरी म्हणालं, "अरे, यांच्या कानातून रक्त येतंय." हे कळलं तेव्हा मात्र आमचं हसू थांबलं.

मी दादांचा शेजारी. वीजकेंद्रात कारकुनी करून निवृत्त झालो. त्यांच्या आणि माझ्या घरात एकच भिंत आहे, त्यामुळे त्यांच्या घरातलं बरंचसं मला न विचारता कळतं. दादा केंद्रात ठेकेदाराकडे केबल ओढायच्या कामावर जात आणि लग्नसराई लागली की लखनच्या मैत्री ब्रास बँडमध्ये ट्रंपेट वाजवत. वाजवत म्हणजे काय, बँड लखनचा असला तरी सुपारी द्यायला येणारा माणूस पहिला प्रश्न विचारायचा, "साळवे येणार ना?" बुटका, रुंद छातीचा, तोंडात सतत काहीतरी गंमत घोळवत असलेला माणूस. समोरच्याला हसवल्याशिवाय ते साधा पत्ताही सांगायचे नाहीत.

नाशिकच्या दवाखान्यात तपासणी झाली. डाव्या कानामागच्या हाडाला बारीक चीर गेली होती. बाकी सगळं ठीक. दोन दिवस दादा खाटेवर बसून नर्सबाईंना लग्नातले किस्से सांगत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी सुमनवहिनींनी त्यांच्या हातात चहा दिला. दादांनी घोट घेतला आणि चहा डाव्या कोपऱ्यातून हनुवटीवर आला, तिथून सदऱ्यावर.

"अहो, सकाळी सकाळी नाटकं नका करू," वहिनी म्हणाल्या.

दादांनी पुन्हा घोट घेतला. पुन्हा तेच. मग वहिनींनी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. उजवा अर्धा चेहरा घाबरला होता आणि डावा अर्धा काहीच झालं नसल्यासारखा स्वस्थ होता. डावा डोळा मिटत नव्हता. ओठ उजवीकडे ओढला गेला होता.

डॉक्टरांनी सांगितलं की चेहरा हलवणारी नस कानामागच्या हाडातून, एका अरुंद बोगद्यातून जाते. ही रक्ताची नस नव्हे, मेंदूचा हुकूम गालापर्यंत नेणारी नस. ती तुटलेली नाही, पण हाडाला मार बसल्यामुळे सुजली आणि बोगद्यात जागा नसल्यामुळे चेपली. सूज उतरायची औषधं लगेच सुरू झाली. नस किती जगली आहे हे बघायला कानापुढे विजेचा बारीक झटका देऊन पाहिला. गाल टुणकन उडाला. दादा खूश झाले.

"जिवंत हाय की! लाइन चालू हाय!"

डॉक्टर म्हणाले, "इतक्यात ठरवू नका. चेपलेल्या जागेच्या पुढचा तुकडा मेला तरी दोन-चार दिवस झटक्याला उत्तर देतो. आपण पुन्हा बघू."

पुन्हा बघितलं तेव्हा गाल जेमतेम थरथरला. ऑपरेशन करावं का, यावर डॉक्टरांमध्ये बोलणं झालं. हाडाचा तुकडा कुठे रुतलेला नाही, नसेचं वरचं आवरणही शाबूत आहे, तेव्हा हात न लावता वाट बघू, असं ठरलं. दादांना घरी सोडलं ते डाव्या डोळ्यावर पट्टी लावून, डोळ्यात घालायचे थेंब देऊन आणि छाया मॅडमकडे जायला सांगून. छाया मॅडम म्हणजे तिथल्याच फिजिओथेरपिस्ट. पहिल्या दिवशी दादांबरोबर वहिनी होत्या आणि मीही होतो.

"नाव काय तुमचं?" मॅडमनी विचारलं.

"झुंव्हर."

ओठ जुळत नव्हते, त्यामुळे ब आणि प दादांना सोडून गेले होते. स्वतःचं नावही धड उच्चारता येत नाही म्हटल्यावर त्यांनी मान खाली घातली. मी त्यांना पहिल्यांदाच असं पाहिलं.

"काम काय करता, झुंबरदादा?"

"केवल वढतो. लग्नात ट्रंफेट."

"केबल ओढता? मग तुम्हाला समजवायला वेळ लागणार नाही," मॅडम म्हणाल्या. "वरची नळी चांगली आहे, आतली तार गेली. जिथे चेपलं तिथून गालापर्यंतची सगळी तार कुजते. शरीर तो कचरा स्वतःच उचलतं. त्यात काही आठवडे जातात, आणि तेवढे दिवस तुम्हाला वाटणार की काहीच होत नाही. पण आतमध्ये नळीतल्या पेशी रांगेनं उभ्या राहतात, मागच्या जिवंत टोकाला खत घालतात. मग त्या टोकाला नवे कोंब फुटतात आणि नळीतून पुढे सरकतात. दिवसाला साधारण एक मिलिमीटर."

दादांनी बोटांच्या चिमटीत एक मिलिमीटर धरून पाहिला.

"मॅडम, आमचा ठेकेदार याच्याफरीस जोरात वढून घेतो."

वहिनींना हसू आलं आणि लगेच डोळ्यात पाणीही. मॅडम मात्र मोकळेपणाने हसल्या. म्हणाल्या, "तुमचं हसवायचं अंग शाबूत आहे, म्हणजे अर्धं काम झालं."

"आन् फुंकायचं कवा?"

"मी सांगेन तेव्हा. त्याच्या आधी नाही."

त्या हिवाळ्यात दादांनी मास्क लावला तो काढलाच नाही. करोनाच्या वेळचे मास्क घरात पडून होते, ते कामाला आले. जेवताना घास डाव्या गालात अडकायचा, तो बोटाने काढावा लागे, म्हणून ते भिंतीकडे तोंड करून जेवत. अर्ध्या जिभेची चव गेली होती. डाव्या कानाला आवाज मोठे ऐकू येत, कुकरची शिट्टी झाली की दचकत. वस्तीत मात्र त्यांची गंमत थांबली नाही, फक्त तिच्यातून प आणि ब वजा झाले. "फाणी द्या" म्हणायचे आणि स्वतःच हसायचे, मास्कच्या आत, अर्धं.

लग्नसराई ऐन भरात होती. एक दिवस लखन घरी आला. हातात खुळखुळा.

"दादा, चला. गाडी उभी हाय."

"मी काय करू तिथं?"

"हे हलवा."

मैत्री बँडचा पहिला ट्रंपेट आणि हातात खुळखुळा! दादा नाही म्हणाले. लखन उंबऱ्यात बसला. "तुम्ही नाय आलात तं पोरं ताल सोडतात. मला पुढं वाजवायचं का मागं वळून बघायचं?" तो लबाड बोलत होता, हे भिंतीच्या अलीकडे मला आणि पलीकडे वहिनींना कळत होतं. दादांनाही कळलं असणार. तरी ते उठले, कानात कापूस घातला आणि गेले. तिथून पुढे प्रत्येक लग्नात मागच्या रांगेत मास्क लावलेला एक बुटका माणूस इतक्या मनापासून खुळखुळा हलवायचा की लहान मुलं बँड सोडून त्याच्यापुढे नाचायची.

पण जीव ट्रंपेटमध्येच. एका दुपारी गच्चीवरून असा काही आवाज आला की मला वाटलं, गल्लीत कुणाच्या ट्रकची हवा गेली. बाहेर आलो तर सुमनवहिनी जिना चढत होत्या. मीही मागून गेलो. दादा पाण्याच्या टाकीच्या आडोशाला डावा गाल तळहाताने दाबून धरून ट्रंपेट फुंकत होते. हवा बोटांमधून फसकन निसटत होती. आम्हाला बघून त्यांनी ट्रंपेट खाली ठेवलं. वहिनी रागावल्या नाहीत. शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "मला वाटलं, म्हैस आली का काय गच्चीवर."

दादा हसले. वहिनीही हसल्या. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळं छाया मॅडमना सांगितलं.

मॅडम रागावल्या. "जोर लावलात की अख्खा चेहरा एकदम ओढायची सवय लागते. नवे कोंब पोचतील तेव्हा त्यांनाही तीच सवय लागेल. आरशासमोर बसायचं आणि अगदी थोडं हसायचं. कुणाला दिसणार नाही इतकं."

"दिसणार नाय असं हसायचं कशाला?" दादांनी विचारलं.

"गालाला आठवण राहावी म्हणून."

मग संध्याकाळी ओट्यावर आरसा घेऊन दादा बसायला लागले. एकट्याला अवघड वाटेल म्हणून वहिनी शेजारी बसून तसंच थोडं थोडं हसायच्या. त्यांना बघून समोरच्या घरातल्या सावित्रीबाई आल्या, मग माझी बायको. काही दिवसांनी आमच्या गल्लीत संध्याकाळी चार-पाच बायामाणसं ओळीने बसून हळूहळू ओठाचे कोपरे उचलताना दिसायची. नव्याने आलेल्या पोस्टमनने मला बाजूला घेऊन विचारलं, "काका, इथं कुठला पंथ आहे का?"

जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. गाल हलला नाही. मार्चमध्ये दादांनी एकदाच मला विचारलं, "नाना, तिकडं कोंव वाट तं चुकला नसंल ना?" मी म्हणालो, "वाट अरुंद आहे, चालतोय बिचारा."

चौदा एप्रिलला नाशिकरोडच्या मिरवणुकीत मैत्री बँड होता. निळे झेंडे, पांढऱ्या साड्या, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी सरबताची पिंपं. दादा मागच्या रांगेत खुळखुळा घेऊन. वहिनी आणि आम्ही सगळे त्यांच्या बाजूने चालत होतो. ऊन असं की सरबत घ्यायला दादांनी मास्क हनुवटीवर ओढला. नेमकी त्याच वेळी लखनच्या क्लॅरिनेटने वरच्या सुरात अशी किंकाळी फोडली की पुढचा ढोलवाला घाबरून मागे वळला. दादा खो खो हसले.

आणि वहिनी थांबल्या. मिरवणुकीच्या मधोमध.

"हलला!"

"काय?"

"गाल! अहो, हलला! पुन्हा हसा!"

दादा म्हणाले, "असं सांगून कसं हसू?" पण सांगतानाच त्यांना हसू आलं आणि आम्ही सगळ्यांनी पाहिलं. डाव्या गालावर, नाकाच्या बाजूला, पाण्यावर वाऱ्याची झुळूक यावी तशी एक बारीक हालचाल झाली. वहिनींनी भर रस्त्यात दोन्ही हातांनी त्यांचा चेहरा धरला. घरात चारचौघांत नवऱ्याचं नाव न घेणारी बाई! मागून येणारं मंडळ अडलं, कुणीतरी ओरडलं, "ओ ताई, पुढं चला की!" मिरवणूक थांबवता येत नाही. बँड वाजवतच राहिला, पण पुढे बघायचं सोडून सगळे वादक मान मागे वळवून दादांच्या गालाकडे बघत चालले होते. लखनला रडू कोसळलं, त्यामुळे पुढचं अर्धं गाणं क्लॅरिनेटशिवायच झालं.

त्यानंतर गालाने मागे पाहिलं नाही. आधी गाल, मग डोळ्याची खालची पापणी, मग वरच्या ओठाचा कोपरा. ब परत आला त्या दिवशी दादा दारोदार जाऊन आपलं नाव सांगून आले. पावसाळ्यात छाया मॅडमनी नुसतं माउथपीस फुंकायची परवानगी दिली, तीही हळू, थांबत थांबत. गणपती बसले तेव्हा ट्रंपेटमधून पहिला धड सूर निघाला. तो छोटा होता, थोडा कापरा होता. ऐकून गल्लीतल्या बायांनी टाळ्या वाजवल्या.

मग दोन विचित्र गोष्टी झाल्या. पहिली अशी की ओठ आवळून फुंकलं की डावा डोळा आपोआप मिटायचा. दुसरी जेवताना. वहिनींनी ठेचा वाढला आणि दादांच्या डाव्या डोळ्यातून घळाघळा पाणी आलं. वहिनींना वाटलं, मिरची जास्त झाली. दुसऱ्या दिवशी दहीभाताला तेच. मग गोड शिऱ्यालासुद्धा. उजवा डोळा कोरडा ठणठणीत आणि डावा डोळा रडतोय.

घाबरून दोघं मॅडमकडे गेले. मॅडमनी आधी त्यांना पेढा खायला दिला, डोळा पाहिला आणि म्हणाल्या, "कोंब पोचले, पण काहींनी शेजारची नळी धरली. ओठाकडे निघालेले काही डोळ्याला जाऊन मिळाले, म्हणून ओठाबरोबर डोळा मिटतो. आणि लाळेच्या ग्रंथीकडे निघालेले काही अश्रूंच्या ग्रंथीला मिळाले."

दादांनी विचारलं, "म्हंजे लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं, माझ्या डोळ्याला सुटतं?"

"अगदी तसंच."

दादा इतके हसले की डोळा पुन्हा मिटला. मॅडमनी सांगितलं की आरशासमोर दोन्ही हालचाली वेगळ्या करायचा सराव करता येईल, फारच त्रास झाला तर इंजेक्शनही आहे. कपाळाच्या डाव्या बाजूला कदाचित आठी पडणारच नाही. दादा म्हणाले, "नाय पडली तं नाय. अर्धं कपाळ बिनचिंतेचं."

मार्गशीर्षात सायखेड्याला खंडेरावांच्या मुलीचं लग्न होतं. खंडेराव भाजीपाला आणि शेवंती लावणारे शेतकरी, मांडव सगळा घरच्या फुलांचा. लखनने त्या दिवशी खुळखुळा गाडीतच ठेवला आणि दादांना पहिल्या रांगेत उभं केलं. मास्क नाही. मी मुद्दाम गेलो होतो. वरात गोदावरीकडून गावात शिरली आणि दादांनी ट्रंपेट उचललं. पूर्वीइतका जोर नव्हता, पण सूर गोड होता, आणि प्रत्येक वरच्या सुराला डावा डोळा छानपैकी मिटत होता.

मांडवाच्या तोंडाशी खुर्चीवर नवसाबाई बसल्या होत्या. खंडेरावांच्या आई, नवरीच्या आजी. ऐंशीच्या पुढच्या, नाकात नथ, हातात काठी. बँड त्यांच्यासमोर थांबला. दादांनी मोठ्या अदबीने त्यांच्याकडे तोंड करून एक सूर लावला. डोळा मिटला. दुसरा सूर लावला. पुन्हा मिटला. नवसाबाई काठी टेकत उठल्या.

"खंडू! ए खंडू! हा बाजावाला मला डोळा मारतोय!"

वाजणं थांबलं. नवऱ्याकडचे दोन दांडगे मावसभाऊ पुढे सरसावले. खंडेराव धावत आले. दादांनी ट्रंपेट काखेत धरलं आणि वाकून नमस्कार केला.

"आज्जी, माफी करा. मी कांद्यावरून पडलो होतो. चेहऱ्याची नस मेली आन् पुन्हा उगवली, पन जराशी भलतीकडं उगवली. फुकलं की डोळा मिटतो. माझ्या हातात नाय."

नवसाबाईंनी त्यांना खालून वर न्याहाळलं. "खरं सांगतोस?"

"खोटं वाटत आसंल तं या लखनला इचारा."

"म्हंजे तू मला डोळा नाय मारला?"

"नाय वं आज्जी."

"मेल्या," नवसाबाई खाली बसत म्हणाल्या, "एवढ्या वर्सांनी कुनी मारला म्हनून मी मनात खूश झाले हुते."

सगळा मांडव खदाखदा हसला. मावसभाऊसुद्धा. त्या गोंधळात दादांनी ट्रंपेट पुन्हा लावलं आणि त्या दिवशी त्यांनी जे वाजवलं त्याला मी नाव देणार नाही, पण नवरदेव घोड्यावरून उतरून नाचायला लागला आणि त्याला पुन्हा वर चढवायला अर्धा तास गेला.

खरी पंचाईत पंगतीला झाली. बँडवाल्यांना खंडेरावांनी घरच्या लोकांबरोबर बसवलं होतं. पानात जिलेबी आली. दादांनी पहिला घास घेतला आणि डाव्या डोळ्याला धार लागली. पाठवणीची वेळ जवळ आलेली, बायका आधीच हळव्या झालेल्या. नवसाबाई वाढण्यावर देखरेख करत होत्या, त्यांनी हे पाहिलं.

"बघा गं, परक्या मानसाला आपल्या पोरीचं किती वाईट वाटतंय!"

त्या रडायला लागल्या. त्यांना बघून नवरीची आई, मग मावश्या, मग खुद्द खंडेराव. दादा घास तोंडात घेऊन नुसती मान हलवत होते, बोलायला येत नव्हतं. लखन उभा राहिला. "आज्जी, त्यो रडत नाय! त्याला जिलेबी आवडली हाय!"

नवसाबाईंनी पदराने डोळे पुसले, दादांच्या पानात आणखी चार जिलेब्या टाकल्या आणि म्हणाल्या, "मंग रड बाबा पोटभर."

नवरीलाही हसू आवरेना. सायखेड्यात हसत हसत झालेली ती पहिलीच पाठवणी असावी.

पुढच्या भेटीत छाया मॅडमनी इंजेक्शनचं विचारलं. उत्तर सुमनवहिनींनी दिलं. "डोळा मिटतो त्याचं द्या थोडं. बँडमध्ये बायाबापड्या असतात, रोज कुणाकुणाला समजवायचं? पण जेवतानाचं पाणी राहू द्या."

"का?" मॅडमनी विचारलं.

"इतकी वर्षं स्वयंपाक करते, चांगला झालाय असं तोंडानं कधी म्हणाले नाहीत. आता निदान डोळा तरी सांगतो."

दादा नुसते हसले, आणि या वेळी दोन्ही बाजूंनी.